हिर्डोशीची सावड सरकारनं फेडली नाही

हिर्डोशीच्या सुमन पारठेवर अन्याय झाला. होळी दोन दिवसांवर आली होती. गुरुवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते, आणि भोरमधल्या एका सरकारी खोलीत, तिच्या बापाच्या आणि माझ्या डोळ्यांदेखत तो झाला. ज्यानं केला त्याच्या हातात चहाची बशी होती आणि बोलताना त्यानं ती खालीसुद्धा ठेवली नाही. त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. दया म्हणून नव्हे. एक नाव लिहिलं की त्याच्या वरचे सगळे सुटतात, आणि मला कुणालाच सोडायचं नाही.

आमचं दुकान एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होतं. अब्बा पिंजारी. गाद्या, रजया, उशा. तोवर बाजारात पिंजायची यंत्रं आली होती आणि आमच्याकडंही एक होतं, पण जुन्या गादीतला दबलेला कापूस आला की अब्बा अजून भिंतीवरची पिंजायची कमान काढायचे. तिच्या ताणलेल्या दोरीचा, तातीचा, टंग्‌-टंग्‌ आवाज आमच्या घरात घड्याळासारखा होता. तो थांबला की अम्मा आतून विचारायची, ‘‘काय झालं, चहा टाकू का?’’ दुकान पुढं, घर मागं, आणि मधे नुसता एक पडदा, त्यामुळं आमच्या डाळीतसुद्धा कापसाची तुसं सापडायची. सुमन भोरला कॉलेजात शिकायला यायची. हिर्डोशीवरून वरंध घाटाकडं जाणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि संध्याकाळची गाडी कधी येईल ते डेपोलाही ठाऊक नसायचं. सुरुवातीला ती स्टँडवरच्या बाकावर बसायची. एकदा पावसात अम्मानं तिला बोलावून घेतलं आणि तेव्हापासून तिचा थांबा आमच्या पडद्यामागं झाला. डब्यातून ती नाचणीची भाकरी आणि कारळ्याची चटणी आणायची, अम्मा तिला सुकट वाढायची. ‘‘चाची, तुमच्या घरातनं गेलं की गाडीतल्या बाया मला म्हातारी म्हणत्यात,’’ असं म्हणत ती केसांतला कापूस झटकायची. अम्मा म्हणायची, ‘‘म्हनू दे सुमे. म्हातारीला गाडीत बसाय जागा तरी मिळती.’’

मी तेव्हा युवक मंडळाचा चिटणीस होतो आणि पत्रकं लिहायचो. रस्त्याचं पत्रक, गाडीचं पत्रक, रेशनच्या रॉकेलचं पत्रक. लिहायला शिकलो ते कॉलेजात नाही, भोरच्या बाजारातल्या छापखान्यात. तिथले खिळे जुळवणारे काका माझा मजकूर हातात घेऊन म्हणायचे, ‘‘कुणावर झालं आन्‌ कवा झालं ते पयलं सांग. बाकीचं वाचायला लोकांकडं वेळ नसतो.’’ आज इतक्या वर्षांनी आठवणी लिहायला बसलोय तरी हात त्याच वळणानं जातो. माझी नात म्हणते, ‘‘दादाजी, तुम्ही आठवणी लिहिताय की मोर्चा काढताय?’’ दोन्ही, बाळ.

तर त्या सुमाराला दिल्लीत नवं युवा धोरण झालं होतं. त्याची मराठी पुस्तिका आमच्या मंडळात आली तेव्हा मी ती सुमनला मोठ्यानं वाचून दाखवली होती. खेड्यातल्या, डोंगरातल्या तरुणांचं नाव त्यात आवर्जून घेतलेलं, मुलींचं तर आणखीच. परदेशी तरुणांशी देवाणघेवाण व्हावी, इथले तिकडं जावेत, तिकडचे इथं यावेत, असंही होतं. कागद गुळगुळीत, वर हसऱ्या पोरांचा फोटो. सुमन म्हणाली, ‘‘ह्यातलं एकबी पोरगं चिखलातनं आलेलं दिसत न्हाई.’’ मी तिला गप्प केलं. मला त्या पुस्तिकेचा अभिमान वाटला होता. आपलं सरकार आपल्याबद्दल लिहितंय याचा वाटतो तसा.

दिवाळी झाल्यावर पुण्याच्या युवक कार्यालयातून समन्वयक साहेब जीपनं आले. पूर्वेकडच्या एका देशातले तरुण महाराष्ट्रात यायचे होते. (देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांची यात काही चूक नव्हती.) त्यांना खरं खेडं बघायचं होतं, लोकांच्या घरांत राहायचं होतं. भातखाऊ देश, म्हणून भातकापणी चालू असलेलं गाव हवं होतं. मंडळात हिर्डोशीची शाखा सुमननं उभी केलेली, तेव्हा हिर्डोशी ठरलं. देवळापुढच्या मोकळ्या जागेत गाव जमलं. सुमनचे वडील धोंडूतात्या म्हणजे अंगानं लहान, आवाजानं मोठा माणूस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘सायेब, ही मानसं येनार, ऱ्हानार, खानार. ह्ये कशापायी?’’

साहेब म्हणाले, ‘‘याला आदानप्रदान म्हणतात. त्यांची मुलं तुमच्याकडं येणार, मग पुढच्या वर्षी तुमच्यातलं कोणीतरी त्यांच्याकडं जाणार.’’

तात्यांनी गावाकडं वळून सांगितलं, ‘‘सावड हाये गं बायांनो. सावड!’’

साहेब हसले. ‘‘हो हो, सावडच समजा.’’

आता हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. डोंगरातली भाताची शेती मजुरांवर होत नाही, सावडीवर होते. आज तुमी आमच्यात कापणीला या, उद्या आमी तुमच्यात येतो. याची लेखी नोंद नसते आणि ती कुणी मागतही नाही. ज्याच्यावर फेड असते तो स्वतःहून, उजाडायच्या आत, विळा घेऊन तुमच्या बांधावर येऊन उभा राहतो. तुम्ही त्याच्या दारात जाऊन ‘‘आमच्यात कधी येतोस?’’ असं विचारलंत, तर त्याला बुडव्या म्हटल्यासारखं होतं. गावात तेवढ्यावरून बोलणं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत. तेव्हा साहेबांनी ‘सावड’ म्हटलं आणि त्या क्षणी हिर्डोशीच्या लेखी व्यवहार पक्का झाला. त्यापेक्षा पक्कं काही असतं हे त्या गावाला माहीतच नव्हतं.

मग गाव कामाला लागलं. पोरींनी भिंती सारवल्या. तरुणांनी पत्रे उभे करून संडास केले, आणि त्यांच्या उद्घाटनावरून आठवडाभर विनोद चालले. पाहुणे आले ते कापणी ऐन भरात असताना. नवीन तांदळाच्या वासानं गाव नुसतं घमघमत होतं, आणि खळ्यावर पेंढ्या फळीवर आपटायचा धप्‌-धप्‌ आवाज एका वावरातून दुसऱ्या वावरात जात होता. सुमनच्या घरी एक मुलगी उतरली. नाव लिन. अख्ख्या वाडीनं तिची दुपारपर्यंत लीना करून टाकली. सुमनची आई हौसाबाई तिच्याशी खणखणीत मराठीत बोलायची, जरा मोठ्या आवाजात, म्हणजे परदेशी माणसाला समजेल. ‘‘आगं बस की! माडगं पी, घसा मोकळा हुईल!’’ आणि लिन खरंच बसायची, कुळथाचं माडगं प्यायची. तिनं विळा हातात घेतला तो उलटा नाही घेतला. तिच्या आजोळीही भातच होता. एका सकाळी ती आणि सुमन एकाच पातीला लागल्या. कोण पुढं जातंय यावरून दोघी भाषेशिवाय भांडत होत्या, हसत होत्या, आणि बांधावरून धोंडूतात्या पंचाचं काम करत होते: ‘‘लीने, मुडपं लई लांब ठिवती! पेंढा काय तुझा बाप कापनार?’’ कापताना मागं खुंट लांब राहतात, हे इंग्रजीत कसंबसं मी सांगितलं, तर लिन म्हणाली, माझा बापही हेच ओरडतो.

पाहुण्यांबरोबर पुण्याहून एक मुलगा स्वयंसेवक म्हणून आला होता. चांगल्या घरचा, चांगल्या इंग्रजीचा, गळ्यात कॅमेरा. तो दुपारी जीपनं यायचा, चार फोटो काढायचा, भातात पाय घालायचा नाही. मी त्याला वाईट म्हणत नाही. विशीतला पोरगा, त्याला कोणी ये म्हटलं नसतं तर आला नसता. पण तो लक्षात ठेवा. निघायच्या दिवशी खळ्यावर साहेबांनी भाषण केलं. सुमनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी ही पोरगी तिकडं यांच्या शेतात असेल!’’ टाळ्या पडल्या. लिननं सुमनचा हात धरून तिच्या घराची खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, ते सगळं हातवारे करून सांगितलं. हौसाबाईनं पदर तोंडाला लावला. ‘‘लई लांब हाये का गं त्ये?’’

त्या हिवाळ्यात सुमन आमच्या पडद्यामागं बसून इंग्रजी घोकायची. अब्बा कमान चालवता चालवता तिचे शब्द ऐकून ऐकून स्वतःच म्हणायला लागले. गिऱ्हाईकाला ‘‘प्लीज सीट डाऊन’’ म्हणाले तेव्हा ते गिऱ्हाईक घाबरून उभंच राहिलं. तिकडं थंडी असते हे कळल्यावर अब्बांनी तिच्यासाठी निवडक कापसाची हलकी रजई भरली. अम्मा म्हणाली, ‘‘विमानात नेऊ देतील का?’’ अब्बा म्हणाले, ‘‘माणूस नेतात, रजई नाही नेणार?’’

संक्रांत गेली, काही कळेना. मी तात्यांना म्हणालो, ‘‘अर्ज करून ठेवू या का? मी लिहितो.’’

तात्या एकदम उखडले. ‘‘अर्ज? आपन काय भीक मागतोय व्हय, मेबूब? पाळी त्येंची हाये. त्येंनी यायचं. तू अर्ज घिऊन गेलास, तर सायेब म्हनंल, ह्या लोकांचा माझ्यावर भरवसा न्हाई. मानसाचा आसा आपमान करायचा नसतो.’’

मला ते पटलं. आजही पटतं. ज्या जगात तो माणूस वाढला तिथं याहून सभ्य वागणं नव्हतं.

शिमग्याच्या तोंडावर बाजारात बातमी लागली की साहेब भोरला आलेत, गुरुवारी कार्यालयात बसणार आहेत. तात्या सुमनला घेऊन पहिल्या गाडीनं उतरले. विचारायला नव्हे हं. भेटायला. बरोबर फडक्यात बांधलेला आंबेमोहोर तांदूळ आणलेला, लिनच्या आईबापांसाठी. ‘‘पोरगी त्यांच्यात जानार, हात हलवत कशी जाईल?’’ मी सोबत गेलो. खोलीत साहेब आणि आणखी दोघं चहा पीत होते. साहेबांनी ओळखलं. ‘‘अरे, हिर्डोशी! या या. काय आणलंय? आंबेमोहोर? वा! ठेवा तिकडं कोपऱ्यात, शिपाई घरी पोचवेल.’’

तात्या गोंधळले. ‘‘न्हाई सायेब, ह्ये लीनाच्या घरच्यास्नी हाये. आमची सुमी न्हील की.’’

‘‘सुमी कुठं नेणार?’’

तात्यांनी सुमनला हाताला धरून पुढं केलं. मग साहेबांच्या ध्यानात आलं. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, ‘‘अहो, ते नाव तर कधीच गेलं वर. तो आपला फोटो काढणारा मुलगा होता ना, त्याचं. निवड समितीतल्या साहेबांचा भाचा आहे. पासपोर्ट तयार होता, इंग्रजी उत्तम. तुमच्याकडून कुणी काही बोललंच नाही हो! अर्ज नाही, फोन नाही. मला वाटलं, तुम्हाला इच्छा नाही.’’

तात्या म्हणाले, ‘‘सायेब, तुमी सावड म्हनला हुता.’’

‘‘तात्या, ते बोलण्याची पद्धत असते.’’

सुमन पुढं झाली. तिचा आवाज शांत होता. ‘‘साहेब, तुम्ही मला एकदा तरी विचारलं का, जाणार का म्हणून?’’

बाजूचा एकजण मधे पडला. ‘‘बाई, तुमच्या घरच्यांनी पाठवलं असतं का? उद्या लग्न ठरलं की जागा वाया. मुलींच्या बाबतीत हे बघावं लागतं आम्हाला.’’

‘‘ह्यो काय उभा हाये तिच्या घरचा!’’ तात्या ओरडले. ‘‘इचारा की! ह्या आत्ता इचारा! म्या पाठवनार न्हाई म्हनलो का कुनाला?’’

साहेब म्हणाले, ‘‘चिडू नका. पुढच्या वेळी बघू.’’ आणि चहाचा घोट घेतला.

धोंडूतात्या कोपऱ्याकडं गेले. शिपायानं तोवर तांदूळ टेबलाखाली सरकवला होता. तात्यांनी वाकून तो बाहेर ओढला, खांद्यावर टाकला आणि दारातून बाहेर पडले. राम राम म्हटला नाही. त्या माणसानं आयुष्यात कुणाच्या दारातून असं निघून जाणं ही पहिलीच खेप असावी. रस्त्यावर आल्यावर सुमनला म्हणाले, ‘‘चूक माझी का गं?’’

हा प्रश्न मला अजून झोंबतो. आयुष्यात ज्यानं एकही फेड चुकवली नाही, त्यानं स्वतःची चूक शोधत भोरच्या बाजारातून चालत जायचं, आणि ज्यानं शब्द दिला त्यानं चहा संपवायचा. धोरणाची ती पुस्तिका माझ्या कपाटात आहे. तिच्यातलं काहीच खोटं नाही, हाच माझा संताप आहे. खेड्यातल्यांना प्राधान्य आहे, मुलींना आहे, सगळं आहे. पण दिल्लीतून निघालेली ती जागा हिर्डोशीला येईपर्यंत वाटेत जितक्या खुर्च्या लागतात, तितक्या जणांचे भाचे असतात. गाव मात्र लागतं. चूल लागते, खळं लागतं, पाहुण्याला माडगं पाजणारी बाई लागते, फोटोत नऊवारी लागते. आमच्याकडून घ्यायच्या वेळी आम्ही ‘खरं खेडं’, आणि द्यायच्या वेळी आमच्याकडं पासपोर्ट नाही! पासपोर्ट काढायचा असतो हे त्या जीपमधून उतरलेल्या एका तरी माणसानं सांगितलं होतं का?

मी पत्रक काढलं. छापखान्यातल्या काकांनी माझ्या मजकुरातली विशेषणं सगळी काढून टाकली आणि म्हणाले, ‘‘आता टोचंल.’’ आम्ही ते स्टँडवर वाटलं, कॉलेजात वाटलं, हिर्डोशीच्या गाडीत प्रत्येक सीटवर ठेवलं. वर्तमानपत्रांना पाठवलं, आतल्या पानावर दोन ओळी आल्या. कार्यालयाकडून तोंडी खुलासा फिरला की मुलीच्या घरच्यांचीच तयारी नव्हती. तो भाचा गेला, परत आला, त्याचा सत्कार झाला. अब्बांनी भरलेल्या रजईला सुमननं नको म्हटलं, अब्बांनी ती विकली नाही, एवढंच.

उन्हाळ्यात एका दुपारी शेजारचा एसटीडी बूथवाला धावत आला. ‘‘सुमनला फोन! बाहेरचा!’’ लिननं त्याचा नंबर जाताना घेतला होता. सुमन परीक्षेसाठी भोरलाच होती, आमच्याकडं जेवत होती. तशीच उष्ट्या हातानं पळाली. मी काचेबाहेर उभा. तिकडून काय बोलणं झालं ते तिनं नंतर सांगितलं. लिननं खोली आवरली होती, दोन गाद्या घातल्या होत्या, आईला घेऊन ती पाहुण्यांच्या गाडीपाशी गेली होती. गाडीतून तो मुलगा उतरला. तिनं त्याला विचारलं, सुमन कुठंय? तर तो म्हणाला, तिला यायचं नव्हतं.

बूथमध्ये सुमन एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, हिवाळाभर घोकलेल्या इंग्रजीत. मला यायचं होतं. मला यायचं होतं. मला यायचं होतं.

पुढच्या भातकापणीला तीच जीप वेल्ह्याकडं निघाली. तोरण्याखालचं एक गाव ठरलं होतं. मला कळलं तसा मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन वेल्ह्याच्या गाडीत बसलो. सुमन माझ्याआधी जागा धरून बसली होती. ‘‘तू लिहिलंयस, पण सांगनार मी,’’ ती म्हणाली. त्या गावच्या सभेत ती बायकांच्या बाजूला उभी राहिली आणि घडलं तसं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. साहेब आले, तेच आदानप्रदानाचं बोलले. तेव्हा मागं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, ‘‘आमच्यातलं कोन जानार? नाव सांगा. आत्ता, ह्या सगळ्यांम्होरं. मंग आमी चुली पेटवतो.’’ साहेब म्हणाले, ते वरून ठरतं. म्हातारी म्हणाली, ‘‘मंग पाव्हनेबी वरच ठिवा.’’ जीप वळली. ते पाहुणे धरणाजवळच्या कुणाच्या तरी बंगल्यावर उतरले आणि खेडं बघून गेले म्हणतात.

हा विजय नव्हे. सुमन कुठंच गेली नाही. ती आज पन्नाशीच्या आसपास आहे, भोरला मुलींच्या वसतिगृहात काम करते, आणि तिथल्या मुलींपैकी जिला परदेशी जायचं असेल तिचा पासपोर्ट ती आधी काढायला लावते. धोरणं त्यानंतर आणखी आली, आणखी गुळगुळीत कागदावर. ज्या खुर्च्यांनी तिची जागा खाल्ली त्यांच्यावर आता दुसरी माणसं बसतात.

म्हणून हे तुम्हाला सांगतो आहे, वाचकहो. वाचून हळहळू नका; हळहळ मला नको आहे. उद्या तुमच्या तालुक्याचं कार्यालय उघडलं की आत जा, एकटे जाऊ नका, गावातली एखादी जायला निघालेली पोरगी सोबत न्या, आणि विचारा: सरकारच्या पैशानं आमच्या तालुक्यातून आजवर परदेशी कोण गेलं, आणि या वर्षी कोण जाणार? तुम्हाला बसायला खुर्ची देणार नाहीत. उभे राहा. नाव ऐकल्याशिवाय तिथून हलू नका.